नाव त्यांना, कंद मला

१४ फेब्रुवारी
पाटी नेली! 'कमळ रोपवाटिका' — सासऱ्यांनी रंगवून घेतलेली. नेली धाकट्या दिराने, आणि काढायला शिडी माझीच! नाव वडिलांनी ठेवलं, म्हणून वाटणीत ते भावजींचं, कंद तेवढे माझे म्हणे. मग ह्यांनी आणि मी जन्मभर चिखलात हात घातले ते काय हौस म्हणून?

१६ फेब्रुवारी
बाजारात गेले. कमळ लाँड्री. कमळ साबण. कमळ दातांचा दवाखाना. कमळ टायर! राष्ट्रीय फूल पडलं ना, कुणीही यावं आणि नाव लावावं. एकाच्याही दारात पाकळी नाही. आता त्यांत भावजींचं दुकान. ह्यांनी जोपासलेलं गुलाबी कडेचं पांढरं कमळ फक्त माझ्या टाक्यांत आहे. हे गेले, तेवढं राहिलं.

२ मार्च
भावजी आले. नव्या इस्पितळाच्या तळ्याचं काम मिळालंय, त्याच कमळाचे चार कंद हवेत. "वहिनी, दादाची आठवण म्हणून तरी."
पाटी काढताना दादा आठवला नाही वाटतं. उद्या या म्हटलं.

३ मार्च
दिले. ओल्या फडक्यात गुंडाळून, हसतमुखाने. त्याआधी प्रत्येकाचं कोवळं टोक नखाने मोडलं. कंद टोकातून फुटतो. ते गेलं की बहुधा कुजतोच. वनस्पतिशास्त्र शिकून काय दिवे लावलेस, असं सासूबाई विचारायच्या. हे बघा, लावले!

२९ मार्च
धाकटी जाऊ येऊन गेली. त्यांच्या टाकीला घाण वास सुटलाय म्हणे. मी हळहळले. दुपारी झोप छान लागली.

११ एप्रिल
इस्पितळवाले आता माझ्या दारात! उद्घाटनाला फूल हवंय. माझ्या टाक्यांत जेमतेम दोन-दोन पानं तरंगताहेत. तरी खत घातलं — एवढ्यात घालायचं नसतं, कोवळी मुळं जळतात, ठाऊक आहे. मूठभर जास्तच घातलं. भावजींच्या नाकावर टिच्चून फुलवीन.

१९ एप्रिल
पानं काळी पडली. चिखलात हात घातला, कंद लिबलिबीत. सगळ्या टाक्यांत तेच.
एकही उरला नाही. कुणाला सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, नवी वही
भावजी आले होते. कोरड्या टाक्या कुंपणावरून दिसतातच. त्या चारांतला एक कंद बाजूच्या डोळ्यातून फुटला होता, तो वर्षभर जपला. त्याचाच नवा कंद आणला — माझ्याच फडक्यात गुंडाळून.
हातात देताना एवढंच म्हणाले, "टोक सांभाळा, वहिनी."