नोटिशीचे तीस दिवस

८ नोव्हेंबर १९७१
दिली एकदाची लग्नाची नोटीस! नोंदणी कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर माझी सही, शेजारी रवींद्रची. त्यांनी माझं वय दोनदा विचारलं. सव्वीस! आता तीस दिवस ती कचेरीच्या नोटीस बोर्डावर राहणार. कोणी हरकत घेतली नाही तर लग्न. आणि त्याच कचेरीसमोर माझे बाबा लोकांचे अर्ज लिहायला बसतात! पाणी प्यायला त्या बोर्डावरूनच जातात. देवा!

११ नोव्हेंबर
रवींद्र म्हणाला, “भिऊ नको वं. चपराशानं लिलावाच्या कागदाखाली टाचली. कोणाले दिसूनच नाही राहिली.” त्याचं काय जातं! तो सावनेरला, खाणीच्या ऑफिसात. मी रोज बाबांसमोर जेवायला बसते.

१९ नोव्हेंबर
जेवताना बाबा माझ्याकडे बघत होते. नुसतेच. मग म्हणाले, “आज भाजीत मीठच नाही.” मी उठून मिठाची बरणी आणली.

२७ नोव्हेंबर
आई म्हणाली, “काहून वाळून राहिली वं तू?” वाटलं, सगळं सांगून टाकावं. नाही सांगितलं. रवींद्रच्या घरच्यांनी छप्पनला दीक्षा घेतली, एवढं ऐकूनच ती हाय खाईल.

६ डिसेंबर
बांगलादेशला आपण मान्यता दिली! स्टाफरूममध्ये पेढे. कुसुमताई म्हणाल्या, “आता झाला तो खरा देश.” मी चिडलेच — “म्हणजे काल नव्हता? माणसं तिथली, जमीन तिथली, अन् ठरवणार दुसरे?” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
नववीला मी ‘सार्वभौम’ शिकवते. ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नाही, तो. मुली वहीत उतरवून घेतात. आणि बाईंना घरी ‘मी लग्न करते आहे’ एवढं म्हणवत नाही! माझी मलाच लाज वाटते. पण भीती लाजेहून मोठी आहे.

८ डिसेंबर
तिसावा दिवस. तास घेताना सारखं घड्याळच बघत होते.

९ डिसेंबर
हरकत आली. काल, शेवटच्या दिवशी. साहेबांनी वाचून दाखवली — ‘मुलगी डोक्यानं ठीक नाही. तिचं तिला कळत नाही.’ अक्षर बाबांचं, कुठेही ओळखीन. पण अर्ज लिहिणारा खाली सही करत नसतो. सही आईची होती. तिला कुठे अंगठा लावावा लागू नये म्हणून गेल्या उन्हाळ्यात मीच हात धरून शिकवलेली.