चारी बाजूंना पाणी

बुबू,

ढाक्याहून धाकट्या बहिणीचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा फोन लागेना, म्हणून गावी निघालेल्या माणसाहाती हे पत्र देतेय.

उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांवरून भातशेतं मोडून माशांची तळी कुठं झाली, ते आम्ही नकाशात भरतो. आज आपलं गाव आलं. शेजारी बसणारी शिरीन हसली, "या बेटावर कोण राहतं गं, बदकं?"

ते तुझं घर होतं. दारापर्यंत भात असायचा, तिथं चारी बाजूंना पाणी. तू कधी बोलली नाहीस.

दाजींना सलाम. तुझा तोतन चालायला लागला, असं मागच्या फोनवर किती आनंदानं सांगितलंस. बुबू, आधी दाराशी बांबूचं कुंपण घाला, उत्तर मग लिही.

तुझी,
रुमाना