चौदा वह्या आणि एक दुरुस्ती

मी, मार्सिया एडना पेंडर, वय चौऱ्याहत्तर, राहणार वॉराडेल, न्यू साउथ वेल्स, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. मन मात्र स्वस्थ नाही. याआधीची दोन मृत्युपत्रं मीच फाडली. हे अखेरचं समजावं.

१. तळ्याकाठचं घर भाची फेलिसिटी हिला. पश्चिमेची खिडकी नीट लागत नाही. तिने तरी ती दुरुस्त करून घ्यावी.

२. शिवणयंत्र शेजारच्या ग्लेनिसला. माझी शिडी तिने नऊ वर्षं परत केलेली नाही. तीही तिलाच.

३. शिसं गाळण्याच्या इथल्या कारखान्यात मी अकरा वर्षं जनसंपर्क अधिकारी होते. दर महिन्याला नगरभवनात बैठक व्हायची. लोकांनी विचारायचं, मी लिहून घ्यायचं, कारखान्याने उत्तर द्यायचं. त्या बैठकांच्या चौदा वह्या गावच्या ग्रंथालयाला द्याव्यात. त्यांत लोकांची बाजू भरलेली आहे, कारखान्याची जवळजवळ कोरी.

शेवटच्या वहीबद्दल इथेच सांगते. १९९७च्या मार्चमध्ये भट्टीवरच्या कामगाराची बायको डोब्रिला स्टोयकोव हिने विचारलं, "कारखान्याची धूळ छपरावर बसते, तिथलं पावसाचं पाणी टाकीत येतं. ते पोरींना पाजू की नको?" मी प्रश्न वर पाठवला. उत्तर आलं नाही. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने मी तिला म्हटलं, "नोंद घेतली आहे."

जुलैत ती उभी राहिली. "नोंद तुझ्या वहीत राहते गं बाई. पाणी माझ्या पोरींच्या पोटात जातं."

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापक रसेल क्विंटन यांच्यासमोर जाऊन बसले आणि उठेना. शेवटी त्यांनी कपाटातून टाक्यांच्या तपासणीचा अहवाल काढला. तो जानेवारीपासून तिथे होता. पाण्यात शिसं होतं.

"मग इतके महिने मी तिथे काय करत होते?"

"लोकांचं ऐकत होतीस. तेवढ्याने माणसं शांत राहतात, मार्सिया."

त्यांनी अहवाल परत मागितला. मी दिला नाही. ऑगस्टच्या बैठकीत तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. कोणी ओरडलं नाही. लोक उठले आणि टाक्या रिकाम्या करायला घरी गेले. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. डोब्रिलाच्या धाकटीला अक्षरं ओळखता यायला फार उशीर झाला. ते पाण्यामुळेच का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मला त्याचा आधार वाटत नाही.

४. माझ्या अंत्यविधीत कारखान्याच्या कोणीही भाषण करू नये. यायचं तर बसून ऐकावं.

५. उरलेली शिल्लक डोब्रिलाला द्यायचं ठरवलं होतं. काल मसुदा घेऊन तिच्या दारात गेले. सत्तावीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"पैसे देऊन गप्प करतेस?"

"नाही. विचारायला आलेय. यात काही चुकलंय का?"

"मार्च चुकलाय. मी फेब्रुवारीतच विचारलं होतं. तू मान हलवलीस, लिहून घेतलं नाहीस."

मला ते आठवत नाही. तिला आठवतं. म्हणून दुरुस्ती करते: प्रश्न फेब्रुवारीत विचारला गेला होता.

ती म्हणाली, "आता सही करते." आज आम्ही दोघी वकिलीणबाईंकडे आलो. त्यांनी समजावलं, की साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येणार नाही. "मग माझं नाव वरून काढा आणि खाली घाला," डोब्रिला म्हणाली. त्यामुळे शिल्लक गावच्या दवाखान्याला, मुलांच्या रक्ततपासणीसाठी.

वाचून, दुरुस्त करून, दोघींच्या समक्ष सही केली.

मार्सिया एडना पेंडर

साक्षीदार:
हिलरी मॅकस्विनी, वकील
डोब्रिला स्टोयकोव, गावकरी

वॉराडेल, ९ मे २०२४