बगलेखालचा पट्टा

आई, त्या सकाळी मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तुझ्या उंचीची बाई शोधत होतो. गाड्यांचे सीटबेल्ट बनवण्यात माझी निम्मी हयात गेली, पण कारखान्यात ते बांधून बघायचो आम्ही पँट-शर्टातले पुरुषच. भाकऱ्या थापणाऱ्या एका बाईंना विनवून आणलं. हात पुसत म्हणाल्या, "फोटो काढणार व्हय? मंग चांगलं लुगडं नेसून आले असते की." पोरं हसली. बाईंनी पट्टा ओढला, तो गळ्याला लागला, पदर सरकला, तसा त्यांनी पट्टा सरळ बगलेखालून घेतला. पुढे कोण काय बोललं, मला ऐकू आलं नाही.

तूही तसंच केलं होतंस. आपण भीमाशंकरला निघालो होतो. "गळ्याला काचतंय रे, पदर ऱ्हात न्हाई," म्हणालीस आणि पट्टा बगलेखाली घालून जप करू लागलीस. डिंभ्याच्या पुढच्या वळणावर गाडी घसरून झाडावर गेली. मला नुसतं खरचटलं, तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, पट्टा खांद्यावर नव्हता, सगळा मार बरगड्यांवर बसला. तेव्हापासून मी त्या रस्त्याला गेलो नाही. देवाला घरूनच बेल वाहतो.

पट्टा ज्या कडीतून खांद्यावर येतो, ती कडी छोट्या गाड्यांत एकाच जागी पक्की असते. ती खाली सरकवता आली की पट्टा गळा सोडून खांद्यावर बसतो. पण सरकणारी कडी धडकेत निसटता कामा नये, आणि आमच्या कितीतरी कड्या चाचणीत निसटल्या. शेवटी एक टिकली. त्या बाईंना पुन्हा बसवलं. त्यांनी पदर चाचपला आणि दारातल्या मैत्रिणीला हाक मारली, "ये गं, तू बी बसून बघ."

परवा सोमवारी त्याच कडीच्या नव्या गाडीतून मी मावशीला भीमाशंकरला नेलं. ती उंचीनं तुझ्याएवढीच. घोडेगावातच तिची कुरकुर सुरू, "मी काय म्हस हाय का, दावणीला बांधायला?" वळण आलं तेव्हा ती झोपली होती, पट्टा खांद्यावर, पदर जागच्या जागी. दर्शन छान झालं. पण तुला म्हणून सांगतो, त्या वळणावर माझ्या तोंडी देवाचं नाव नव्हतं. मी कडीलाच म्हणत होतो, धरून ठेव.