वळसा घालून आलेला फोन

ता. ४
ती. ताईस धाकट्याचा सा. न.

तुझ्या मेंदूच्या फोटोची खरी किंमत सांगतो: त्या ठणठणत्या यंत्रात निजून तुझी सकाळ गेली, बाहेर बसून माझी नखं गेली आणि रात्री दोघांचीही झोप. मिळालं काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचे भाग अजून बरेचसे शाबूत आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संपर्क विरळ होऊ लागलाय. विसरण्याची ही सुरुवात.

दोनदा दूध करपवलंस. आता एकटी राहू नकोस. आमची मागची खोली रिकामी केलीय, रविवारी टेम्पो घेऊन येतो. पत्ता नको. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून गॅरेज उभं केलेला माणूस मी. तुझ्या कोपऱ्यावरच्या छापखान्याची खडखड ऐकत डोळे मिटून दारात येईन.

सामान बांधून ठेव, लोभ मात्र सुटा राहू दे.
मेस्त्री

ता. ७
चि. मेस्त्रीस अनेक आशीर्वाद.

खोली आधी रिकामी, मला विचारणं वरातीमागून घोडं! अरे, माझा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला. सरळ लाइन तुटली म्हणून आम्ही कुणाला रिसीव्हर ठेवायला लावत नव्हतो. दुसऱ्या गावावरून वळसा घालून जोडून द्यायचो. आता डोक्यात तेच करते. परवा नातीचं नाव येईना. मग दारची पायरी पाहिली, तिच्यावरून ती पडली होती ते आठवलं, तेव्हा मी मारलेली हाक आठवली, आणि हाकेत नाव होतंच की! डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ही सोय कायमची नाही, पण आहे तोवर जरूर वापरा.

माझे सगळे वळसे याच पायरीवरून, याच गल्लीतून जातात. तुझ्या मागच्या खोलीत कुठून जोडू? दुधासाठी आपोआप बंद होणारी शेगडी आणलीय. ये, बघ, मग बोल.

डाफरून झाल्यावर उरेल ती माया पाठव.
ताई

ता. १२
ती. ताईस सा. न.

टेम्पो रिकामा परतला म्हणून ड्रायव्हर अजून हसतोय. हसू दे. भलत्याच गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, थांबा, जोडते! शिंपी हा शब्द तुला सापडेना. पिवळा पडदा, पडद्यामागे मशीन, असं करत त्याच्यापर्यंत पोचलीस आणि तिथून वळवून मला दारात आणलंस. एवढी इंजिनं उघडली, पण तुटक्या वायरींवर इतक्या ऐटीत चालणारी गाडी पाहिली नाही. राहा तिथेच. वळसेही लागेनासे होतील तेव्हा खोली आहेच. तोवर दर रविवारी मी येईन.

आहे तसाच जीव लावत राहा.
मेस्त्री

ता. क. छापखाना बंद होऊन दीड वर्ष झालं, असं शिंपी म्हणाला.