उलट्या लवेचा पट्टा

॥ श्री ॥
सातारा,
ता. ६ सप्टेंबर १९७६

चि. सौ. शालन हीस अण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं समदं बरं हाय, सांगलीकडचं बरं असल्याचं कळवावं.

अक्षर तुझ्या आईचं हाय, मी नुसता बोलतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय. लाल आणि डाळिंबी लोकर मला आता एकच दिसती. दिवाळीच्या आत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणतात डाक्तर. मदनचं पत्र पलटणीतनं आलं, पठाणकोटला हाय, अंगानं भरलाय म्हणं. पोरगा परत येऊन मागावर बसंल ही आशा मी सोडली. त्याच्यावर माझा राग न्हाई, त्याला बंदूक आवडती.

विट्याच्या आप्पासोंचा गालिचा निम्म्याच्या वर गेलाय. त्यांचं कोइमतुरात सोनं गाळायचं दुकान. गावी नवं घर बांधलंय आणि दिवाळीला बैठकीत आपल्याच हातचा इराणी गालिचा पायजे असा हट्ट धरलाय. हा उतरला की माग मोडायचा, असं ठरवलं. केरबा सुतार मागाचं सागवान न्यायला तयार हाय. तुझ्या आजोबांनी, नाथाजीआबांनी, पुण्यात एका इराण्याच्या कारखान्यात राबून ही विद्या आणली, मला दिली. आता पुढं द्यायला कुणी न्हाई.

खालचं माझं, आईचं. केरबाचं नाव घेताना ह्यांनी डोळे पुसले. ते लिहू नको म्हणाले, म्हणून मुद्दाम लिहिते. ऑपरेशनला तू ये. जावईबापूंना आणि विहीणबाईंना आमचा रामराम सांग.

पत्राला उशीर नको, आणि माया आहे तशी राहू दे.
अण्णा व आई


सांगली,
ता. १४ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप अण्णांच्या पायांशी शालनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. आईला सांगा, तिचं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे, पण बातम्या तीच खऱ्या देते.

अण्णा, माग मोडू नका. मला द्या. एवढं एकच मागणं घेऊन लिहायला बसले आहे. ह्यांना विचारलं, तर आमच्या हळदीच्या वखारीची एक बाजू मोकळी आहे, तिथं उभा करू म्हणाले. सासूबाईंनी आधी लोकरीला कसर लागते का ते विचारलं, मग त्याही हो म्हणाल्या.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. लहानपणी मी मागाजवळ आले की आबा ओरडायचे, डावरीला इथं जागा नाही. आपली गाठ उजव्या हाताची, तिच्या लोकरीची लव सगळी एका अंगाला झोपते. डाव्या हाताची गाठ उलटी बसते, लव उलटी वळते, आणि उजेडात तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. आबांचं खोटं नव्हतं. पण मी इथं जुन्या खाटेच्या चौकटीवर दोरे ताणून आसनं करते आहे, उजव्या हातानं गाठ घ्यायची सवय लावते आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, हाताचं मी बघते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एसटीनं येते. आईला दगदग करू देऊ नका, आणि लेकीवर जीव आहे तो असाच ठेवा.
आपली शालन


सातारा,
ता. ११ ऑक्टोबर १९७६

चि. सौ. शालन हीस आशीर्वाद.

डोळ्याला अजून पट्टी हाय. काल कंटाळा आला म्हणून मागाजवळ गेलो आणि गालिच्यावर तळवा फिरवला. खालनं वरपर्यंत मऊ लागला, आणि एकदम वरचा दोन बोटांचा पट्टा मांजराच्या पाठीवरनं उलटा हात फिरवावा तसा लागला. तवाच कळलं. मी दवाखान्यात खाटेवर पडलो हुतो आणि तू आईला धूळ झटकते म्हणून सांगून मागावर बसलीस. तीबी डाव्या हातानं.

आप्पासोंना आता काय तोंड दाखवू? खाली माझी लव, वर तुझी. बैठकीत अंथरल्यावर पावण्यांनी विचारावं की बाबा, हितं पाणी सांडलंय काय? आबा असते तर त्यांनी मलाच फाडून खाल्लं असतं. बसू का म्हणून इचारलं असतंस, तर माग द्यायलाबी एखादे वेळी माझं मन वळलं असतं. चोरून बसलीस, ह्याचं मला लय लागलं. माग तुला मिळायचा न्हाई. केरबाला निरोप धाडलाय.

आईचं: हे पत्र मी लिहिणार नव्हते. सांगतो तस्संच लिही म्हणाले, तस्संच लिहिलं. पण पोरी, तूही कमाल केलीस.
अण्णा


सांगली,
ता. १७ ऑक्टोबर १९७६

तीर्थरूप अण्णांस शालनचा नमस्कार. वि. वि.

चोरून बसले, ती माझी चूक. त्याबद्दल पायांवर डोकं ठेवते. आप्पासोंच्या गालिच्याची नासाडी झाली, तीही माझ्याच हातून.

पण घडलं कसं ते ऐका. दिवाळी जवळ आलेली, तुम्ही दवाखान्यात, काम तसंच पडलेलं. म्हटलं, थोडी मदत होईल. बसले ती उजव्या हातानंच बसले. हात अडखळत होता, दोरा सुटत होता. मग कधी डावा पुढं आला ते कळलंच नाही. फूल पुरं झालं तेव्हा भानावर आले. उसवायला पाहिजे होतं. माझ्यानं उसववलं नाही. खोटं कशाला सांगू अण्णा, त्या दुपारी मला लय आनंद झाला होता. लग्नानंतर इतका कधी झाला नव्हता, आणि हे मी ह्यांनाही सांगून टाकलं आहे. ते हसले.

आता पट्टा उसवून टाका. माग केरबाला द्यायचा तर द्या, मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण नवा चष्मा आला की उसवायच्या आधी एकदा पाठीमागनं नीट बघा. गाठ उलटी आहे, मला ठाऊक आहे. वाईट आहे का, तेवढं सांगा. लहानपणापासून मला कुणी तेवढं सांगितलेलं नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा. दिवाळीचा फराळ कमी खा.
शालन


सातारा,
ता. ४ नोव्हेंबर १९७६

चि. सौ. शालन हीस आईचा आशीर्वाद. वि. वि. हे पत्र कुणी सांगून लिहीत नाही, माझं मी लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि जेवायला बसले. दिवाळीनंतर चष्मा आला. तो घालून मागाच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले, ते कितीतरी वेळ. मग मला हाक मारली आणि म्हणाले,
"पोरीची गाठ माझ्यापेक्षा बारीक हाय."

मग सुई घेऊन पट्टा उसवायला बसले, आणि तसेच बसून राहिले. दोन अंगांची लव एका गालिच्यात नांदत नाही, एकीला निघावं लागणार, असं पुटपुटत होते. मला वाटलं, झालं, आता तुझं फूल जाणार. बघवेना म्हणून मी चुलीकडं गेले. तेवढ्यात कातरीचा आवाज आला. बाहेर येते तर वरचे दोरे सगळे कापलेले आणि अख्खा गालिचा जमिनीवर. पावसाळाभर अधू डोळ्यांनी केलेलं काम, शालन. मी रडायला लागले, तर मलाच म्हणतात, वेडे, नवे दोरे ताणायचे तर माग रिकामा नको का करायला.

आप्पासो येऊन गेले. आळीला ऐकू जाईल एवढं बोलले, चहा घेतला, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. केरबा आता लाकूड न्यायला येत नाही, माग सुटा करून तुमच्या वखारीत उभा करून द्यायला येणार आहे. आम्ही दोघं बरोबर येतो. पण लेकीच्या दारात मुक्काम कसा करायचा, म्हणून ह्यांची कुरकुर चालली आहे. भाड्याची खोली बघ म्हणतात. मी सांगितलं, तुम्ही खोलीत राहा, मी लेकीकडं राहीन. विहीणबाईंना आधी कल्पना देऊन ठेव.

भेटीची वाट बघते, तूही बघ.
तुझी आई

शालन, हे मी माझ्या हातानं लिहितोय. केरबाकडनं बसायची फळी तुझ्या उंचीची करून घेतली. नक्षी मला तोंडपाठ हाय, रंग मी म्हणत जाईन. गाठी तू घ्यायच्या, डाव्याच हातानं. मी कितीबी मागितलं तरी मला मागावर बसू देऊ नको. ह्या नव्या गालिच्यात माझी एकबी गाठ यायला नको.
अण्णा