मधमाश्यांना दिलेली खबर

८ डिसेंबर १८५२

पोचलो एकदाचा! मॉर्पेथच्या धक्क्यापासून दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण ही टेकडी, हा ओढा, तीनशे मेंढरं आणि चार खोल्यांचं लाकडी घर आता माझं आहे. ओबादाया काका जानेवारीत घोड्यावरून पडून गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणून ब्रिस्टलच्या कापडदुकानात अकरा वर्षं गज मोजणारा मी, अँब्रोज टकवेल, आज इथला मालक. माझी बायको लेटिस आणि छोटी लेक हेस्टर पुढच्या जहाजाने येताहेत, हेस्टरला गोवर आला म्हणून मागे राहिल्या. ही वही माझ्या पणतवंडांसाठी. आपलं घराणं इथे कोणी उभं केलं ते त्यांना कळू दे.

घराबरोबर दोन नग मिळाले आहेत. स्वयंपाकीण केझाया मज, विल्टशरची खेडवळ. चीजचा एक गोळा चोरला म्हणून काळ्या पाण्याची सजा होऊन सरकारी खर्चाने या दक्षिणेकडच्या वसाहतीत आली, पण तोरा असा की जणू आम्हीच हिच्याकडे पाहुणे. आणि मेंढपाळ डिनी मल्काही, आयरिश. म्हणजे अकलेच्या नावाने आनंदच.

१३ डिसेंबर

सकाळी मटण, दुपारी मटण, संध्याकाळी गार मटण. राखेत भाजलेली जाड भाकरी इतकी कडक की तिने चूल बांधावी. मल्काही दिवसभर कुत्र्याशी बोलतो आणि मी काही विचारलं की आभाळाकडे बघतो.

फळबागेत मधमाश्यांच्या सहा गवती टोपल्या आहेत, काकाने थेट इंग्लंडहून आणलेल्या. आज केझाया घराची किल्ली घेऊन माझ्यापुढे उभी. म्हणे, चला मालक, माश्यांना तुमचं नाव सांगायचंय. तिच्या गावाकडे घरात कोणी मेलं, कोणाचं लग्न झालं, नवा मालक आला, की प्रत्येक टोपलीवर किल्लीने तीनदा ठोकून खबर द्यायची असते म्हणे! काका गेला तेव्हा हिने दिली होती, तेव्हापासून बिचाऱ्या पोरक्या आहेत. मी म्हटलं, बाई, ब्रिस्टलमध्ये आम्ही माश्यांना ओळख करून देत नसू, फडक्याने हाकलत असू. ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत गेली.

२५ डिसेंबर

नाताळ, आणि इथे तो भर उन्हाळ्यात! घामाच्या धारा लागल्या आहेत आणि केझायाने चार तास चुलीवर पुडिंग उकळलं. बाहेर भट्टी, आत भट्टी. जेवताना तिचं पालुपद पुन्हा सुरू: आज तरी नाव सांगा, मालक, सणाचा दिवस आहे. मल्काहीनेही मान डोलावली. म्हटलं, ठीक. या अडाण्यांची एकदाच खोड मोडू.

किल्ली घेऊन बागेत गेलो. दोघं मागोमाग. सहाही टोपल्यांवर तीन-तीनदा ठोकून ऐटीत सांगितलं की ऐका हो ऐका, तुमचा नवा मालक अँब्रोज टकवेल आज दुपारी केझायाचं पुडिंग घशात अडकून मेला, तरी सुतक पाळावं.

हसून हसून मुरकुंडी वळली माझी. त्या दोघांची मात्र नाही. मल्काहीने छातीवर क्रूस काढला. केझाया पांढरीफटक पडली. टोपल्यांमधली गुणगुण एकदम थांबली होती, ठोकल्याने बिथरल्या असतील.

२७ डिसेंबर

केझायाने टोपल्यांना काळ्या फिती बांधल्या. खडसावलं, तर म्हणाली, खबर दिली की सुतक पाळावंच लागतं. मग ती खबर मागे कशी घ्यायची ते सांग, असं मी खिजवायला विचारलं. तर ही बया म्हणते, माश्यांशी आजवर कोणी खोटं बोललंच नाही, मालक, आमच्या गावात इतका मूर्ख माणूस जन्मलाच नव्हता.

लेटिस आली की पहिल्यांदा हिला हाकलणार.

३० डिसेंबर

उठलो तर डावा डोळा उघडेना. पापणीवर काळपट, चिकट मेण. हा केझायाचा चावटपणा, दुसरं काय! गरम पाण्याने सोडवला. ती शपथेवर नाही म्हणते. वर ज्ञान पाजळते की टोपलीत उंदीर शिरून मेला तर माश्यांना तो ओढून बाहेर टाकता येत नाही, मग त्या त्याला डिंकामेणाने लिंपून टाकतात, म्हणजे सडत नाही.

उंदीर! मला!

२ जानेवारी १८५३

आज दोन्ही डोळे. आणि उजवा कान. खिडक्या बंद होत्या, दाराला कडी होती.

मल्काहीला टोपल्या जाळायला सांगितलं. त्याने साफ नकार दिला. म्हणे, साहेब, मेलेल्या माणसाचा हुकूम मी पाळत नाही. आणि कुत्रा घेऊन चालता झाला, भेकड कुठला.

३ जानेवारी

भर दुपारी मीच मशाल घेऊन गेलो. तीन टोपल्या पेटवल्या. बाकीच्यांतून माश्यांचा लोट उठला आणि माझ्यावर बसला. तोंडावर, हातांवर, मानेवर. मी डोळे मिटून डंखांची वाट पाहत राहिलो.

एकही डंख नाही. नुसत्या चालत होत्या. मापं घेत असल्यासारख्या.

मेलेल्याला कोण कशाला डंख मारेल?

४ जानेवारी

दाढी करताना गाल चांगला खोल कापला. रक्त आलं नाही.

मी घाबरलो आहे. लिहितो स्पष्ट. पाचावर धारण बसली आहे.

केझायाच्या पाया पडलो— मी, तिच्या! जा, माश्यांना सांग, मी जिवंत आहे. ती गेली. सहज गेली, रडत गेली. परत येऊन म्हणाली, ऐकत नाहीत. त्यांना आता नव्या मालकाचीच वाट आहे.

६ जानेवारी

पाय हलत नाहीत. खुर्चीला चिकटले आहेत. माश्या खिडकीच्या फटीतून येतात, रांगेने— भिंतीवर, माझ्यावर— घाई नाही त्यांना.

केझाया खरवडते. तितकंच पुन्हा लिंपतात. तिने आज माझं ताट वाढलं नाही. मला भूकही—

हसलो होतो मी तिला.

८ जानेवारी

तोंड मिटलं. डावा हात गेला. उजवा तेवढा आहे. एक डोळा, अर्धा.

लेटिस आज-उद्या येईल. तिने पाहिलं की होईल सगळं ठीक. बायको आहे ती. नवरा जिवंत आहे की मेला, तिला कळणार नाही?

९ जानेवारी

गाडी वाजली. हेस्टरचा आवाज— बाबा कुठे म्हणतेय—

केझाया फाटकाशी. ऐकू येतंय. पंधरा दिवस झाले, बाईसाहेब, नाताळच्या दिवशी— लेटिस रडते आहे. नको रडूस, इकडे ये, बघ—

आधी बागेत नेलं तिला. ठक ठक ठक. तिचं नाव सांगितलं. सगळ्या गुणगुणल्या. केवढ्या आनंदाने—

दारात आली. काळी शाल. माझ्याकडे बघतेय. हेस्टरला म्हणाली, जवळ जाऊ नकोस, राणी. केझायाने चादर आणली आहे—

लेटिस माझा हात बघ हलतोय हात बघ मी मेलो नाही मी नुसती थट्टा के